किचनचा ओटा आपल्या मापाचा कसा करून घ्यायचा, पहिल्या टेपपासून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत

किचन नवीन करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा कशाची, तर शटरच्या रंगाची. मग ग्लॉसी की मॅट, मग चिमणी कुठली घ्यायची, मग टाइल्स. ओट्याची उंची कोणी विचारतच नाही, ती कारागीर ठरवतो, म्हणजे "ताई सगळीकडे चौतीसच असतो" एवढं म्हणून टेप खिशात टाकतो. त्या ओट्यावर पुढची पंधरा-वीस वर्षं रोज पोळ्या लाटणारं माणूस चार फूट दहा इंच आहे का पाच फूट सात, याचा त्यात काही संबंधच नसतो. म्हणून रंग सगळ्यात शेवटी घ्या, आधी अंगाची मापं घ्या, आणि ती घेताना आपल्या घरात रोज काय शिजतं तेही बघा, कारण इंटरनेटवरची सुंदर सुंदर किचनं जी आपण सेव्ह करून ठेवतो ना, ती बहुतेक पोळ्या न लाटणाऱ्या घरांची असतात.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काहीही ठरवायच्या आधी आहे त्याच किचनमध्ये एक आठवडा लक्ष ठेवा. सकाळी डब्यांच्या गडबडीत किती माणसं आत असतात, कोण काय उचलतं, कशासाठी वाकतं, कशासाठी टाचा उंच करतं. फ्रीजवर एक कागद चिकटवा आणि जे जे खटकेल ते तिथल्या तिथे लिहा, कारण नंतर आठवत नाही. "मिक्सर खालून काढावा लागतो", "कुकरचं झाकण ठेवायला जागा नाही", "चहाच्या वेळी सिंकसमोर कोणीतरी उभं असतंच" असल्या बारीक गोष्टीच पुढे प्लॅनमध्ये उपयोगी पडतात. स्वयंपाक करणारी मावशी येत असेल तर तिलाही विचारा, बरेच जण इथेच विसरतात, जी बाई त्या ओट्याशी रोज दीड तास उभी असते तिचं मत कोणी घेत नाही.

आता उंची, यावर जरा वेळ काढा

घरात ज्या चपला घालून स्वयंपाक करता त्या घाला, सरळ उभे रहा, खांदे सैल सोडा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप दुसऱ्या कोणाकडून तरी घ्या, स्वतःचं स्वतः घेतलं की हमखास चुकतं. साधारण पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर ३७-३८ इंचावर येतो. भाजी चिरणं, निवडणं, डबे भरणं असल्या हलक्या कामाला कोपराच्या ४ ते ६ इंच खाली पृष्ठभाग असला की खांदेही वर चढत नाहीत आणि कमरही वाकत नाही. म्हणजे या बाईला ३२ ते ३४ इंच. तोपर्यंत कारागिराचे चौतीस जेमतेम बसतात.

पण पोळ्या आल्या की गणित बदलतं. लाटताना आणि कणीक मळताना आपण वरून जोर देतो, त्यासाठी हात जवळजवळ सरळ हवेत आणि अंगाचं वजन लाटण्यावर यायला हवं, त्यामुळे पृष्ठभाग कोपराच्या निदान ६ ते ८ इंच खाली पाहिजे. त्यात पोळपाटाला पाय असतात, तो स्वतःच दोन इंच खातो. म्हणजे पोळपाटाचा वरचा भाग ३० ते ३२ वर यायचा तर त्याखालचा ओटा २८ ते ३० इंचच हवा. माझ्या आत्याकडे बिल्डरने दिलेला ओटा ३५ इंचाचा आहे आणि आत्या स्वतः चार फूट दहा. ती पोळी लाटताना शेजारी उभं राहून बघा, पोळी जरा मोठी झाली की तिच्या टाचा चपलेतून वर येतात, दोन्ही खांदे कानाकडे जातात, आणि जोर सगळा मनगटातून लावला जातो कारण वरून दाबायला उंचीच उरत नाही. विसाव्या पोळीला ती लाटणं खाली ठेवून मान चोळते. घरचे म्हणतात वय झालं.

शेगडीचंही तसंच. साधी काचेची किंवा स्टीलची शेगडी ओट्यावर ठेवली की बर्नरची जाळी चार-पाच इंच वर येते, त्यावर कढई चार इंचाची, म्हणजे ३४ च्या ओट्यावर कढईचा काठ ४२-४३ इंचावर गेला. पाच फुटी बाईच्या कोपराच्याही वर. आणि पाच लिटरचा कुकर किंवा इडलीपात्र ठेवलं की वाफ थेट तोंडावर, आत काय चाललंय ते दिसत नाही ते वेगळंच. भांड्याचा काठ कोपराच्या जरा खाली राहिला पाहिजे हा साधा नियम धरा आणि तिथून उलट मोजत खाली या.

सिंकचं मात्र बरोबर उलटं आहे. तिथे हात काम करतात ते काठावर नाही तर तळाशी, आणि आजकाल सगळ्यांना नऊ-दहा इंच खोल सिंक हवं असतं कारण त्यात परात आणि कुकर मावतो. खोल सिंक सखल ओट्यात बसवलं की भांडी घासताना कमरेतून वाकावंच लागतं. त्यामुळे सिंकचा काठ कोपराच्या दोन-तीन इंच खाली, म्हणजे ओट्यापेक्षा थोडा उंच असला तरी चालतो, उलट ते चांगलंच. खोली ८ इंचापर्यंत ठेवा, जास्त भांडी एकदम साठवायची असतील तर लांबी वाढवा.

आता तीन कामांना तीन उंच्या करायला कोणाच्या घरात जागा असते? दोन पातळ्या मात्र बहुतेक किचनमध्ये होतात. सिंक आणि चिरायची बाजू ३३-३४ ला, शेगडी आणि पोळ्यांची बाजू ३० च्या आसपास, स्वतःच्या कोपराप्रमाणे इंच-दोन इंच इकडेतिकडे. एल आकाराचा ओटा असेल तर पायरी कोपऱ्यावर घ्या, सरळ ओट्याच्या मध्यात घेऊ नका, जड भांडं सरकवताना अडखळतं. आणि पायरीच्या उभ्या भागाला ग्रॅनाइटचीच पट्टी लावून सांधा नीट भरून घ्या, नाहीतर तिथून पाणी आत जातं. दोन पातळ्या नकोच असतील तर दुसरा मार्ग म्हणजे ओटा कापून आत बसवायचा हॉब, त्याने शेगडीची उंची दोन-तीन इंचांनी वाचते. फक्त हॉब आधी विकत आणा आणि मगच दगड कापू द्या, प्रत्येक मॉडेलचा कटआउट वेगळा असतो. पोळ्यांसाठी मग शेगडीशेजारी बाहेर ओढायची जाड फळी करून घेता येते, पण तिचे चॅनल, म्हणजे ती ज्यावर सरकते त्या पट्ट्या, दणकट पाहिजेत आणि फळी बाहेर काढल्यावर लॉक झाली पाहिजे, मळताना डुगडुगली तर आठवड्यात कोणी वापरणार नाही.

हे सगळं आकड्यांवर सोडू नका, करून बघा, आणि त्याला खर्च काहीच नाही. आत्ताचा ओटा उंच वाटतोय? जेवायचा लाकडी पाट समोर ठेवा, त्यावर उभं राहून पोळ्या करा, पाटाच्या उंचीएवढा ओटा खाली आला असं समजा. अजून खाली हवा तर डायनिंग टेबलावर करून बघा, ते साधारण २९-३० इंच असतं. ओटा बुटका वाटत असेल तर चॉपिंग बोर्डखाली जाड पुस्तकं किंवा दुसरा बोर्ड ठेवून चिरा. एका दिवसात कळत नाही, तीन-चार दिवस सलग करा आणि संध्याकाळी मान-कमर काय म्हणतेय ते बघा.

घरात दोन जण स्वयंपाक करतात आणि एक पाच फूट, दुसरा पाच फूट दहा, असं असेल तर? जो जास्त करतो त्याचं माप घ्यायचं, यात लोकशाही आणू नका. उंच माणसाला पायांचा जाड चॉपिंग बोर्ड देऊन वर आणणं सोपं आहे, बुटक्या माणसाला रोज पाटावर चढवणं धोक्याचं आहे.

काय कुठे, कशाच्या शेजारी

किचनबद्दल वाचायला गेलात की 'वर्क ट्रँगल' भेटतोच, फ्रीज-सिंक-शेगडी यांचा त्रिकोण. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ही कल्पना पुढे आली, तीन बाजूंची बेरीज २६ फुटांपेक्षा जास्त नको वगैरे. आपल्या आठ बाय सातच्या किचनमध्ये २६ फूट आणायचे कुठून, त्रिकोण आपोआप लहानच असतो. आपला प्रॉब्लेम अंतराचा नाही, क्रमाचा आहे. आपल्या जास्त जवळचं उदाहरण म्हणजे १९२६ चं फ्रँकफर्ट किचन. व्हिएन्नाच्या आर्किटेक्ट मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या स्वस्त घरांसाठी ते काढलं होतं, साधारण सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब, म्हणजे आपल्या वन बीएचकेच्या किचनएवढंच. त्यात त्यांनी बाई दिवसभरात किती पावलं टाकते, कुठून कुठे जाते याचा विचार करून एकेक वस्तू लावली, आणि खिडकीशी बसून काम करायला एक फिरतं स्टूलही दिलं. शंभर वर्षं होत आली, आपल्या बिल्डरांपर्यंत ते स्टूल अजून पोचलेलं नाही.

तर क्रम. सामान ज्या वाटेने पुढे सरकतं त्याच वाटेने: फ्रीज, मग सिंक, मग चिरायची मोकळी जागा, मग शेगडी, मग गरम भांडं उतरवायला थोडी जागा. सिंक आणि शेगडीच्या मध्ये सलग तीन फूट मोकळा ओटा मिळाला तर किचन अर्धं जिंकलं, निदान दोन फूट तरी मिळवाच. यासाठी पाण्याचं भांडं, मसाल्याचा स्टँड, वॉटर प्युरिफायर, मिक्सर असलं काही या पट्ट्यात येऊ द्यायचं नाही, सगळं भिंतीवर किंवा दुसऱ्या बाजूला. शेगडीच्या पलीकडे किमान फूटभर जागा हवी, शेगडी भिंतीला चिकटवली की त्या बाजूची कढई कायम भिंतीला घासते आणि कोपरही आपटतं. फ्रीजचं दार उघडल्यावर भिंतीकडे उघडतंय का ओट्याकडे हे फ्रीज घेण्याआधी बघा, ओट्याच्या बाजूने मोकळं पाहिजे.

घरच्यांचा वास्तूचा आग्रह असेल, शेगडी आग्नेयेला आणि तोंड पूर्वेला, तर ते प्लॅनच्या पहिल्या दिवशी कागदावर मांडा आणि बाकीचा क्रम त्याभोवती बसवा. अर्धं काम झाल्यावर काकांनी येऊन होकायंत्र काढलं की सगळ्यांचंच डोकं फिरतं.

ओट्याची रुंदी २४ इंच नेहमीची. यापेक्षा जास्त केली तर मागची भिंत पुसताना आणि मागचं सॉकेट गाठताना बुटक्या माणसाचा हात पुरत नाही. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये ४ फूट ठेवा, साडेतीनपर्यंत चालतं, तीन फुटात मात्र ट्रॉली उघडून तिच्यासमोर वाकता येत नाही. ओट्याखाली जमिनीलगत पायाची बोटं आत जातील अशी खाच, चार इंच उंच आणि तीन इंच आत, ही आवर्जून मागा. नसली तर ओट्यापासून लांब उभं राहावं लागतं आणि मग दिवसभर पुढे झुकूनच काम होतं. गंमत म्हणजे जुन्या कडाप्प्याच्या ओट्यांना खाली सगळं मोकळंच असायचं त्यामुळे पाय आपोआप आत जायचे, शटर आणि ट्रॉल्या आल्या आणि ही सोय गेली.

ट्रॉल्या आणि कपाटं

रोजच्या वस्तू मांडीपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण दोन फुटांपासून साडेचार फुटांपर्यंत. जड वस्तू त्यातही कमरेशी. हलकं आणि क्वचित लागणारं वर, जड आणि क्वचित लागणारं खाली. चकलीचा सोऱ्या, मोठं पातेलं, पाहुण्यांची ताटं माळ्यावर जाऊ देत, पण कुकर, कढई, पोळपाट, परात यांच्यासाठी रोज वाकावं लागत असेल तर ते प्लॅनिंग गंडलंय.

ओट्याखाली शटरच्या आत कप्पे करण्यापेक्षा ट्रॉल्या केव्हाही बऱ्या, कारण कप्प्यातलं मागचं भांडं काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, ट्रॉली पूर्ण बाहेर येते आणि वरून सगळं दिसतं. फक्त पूर्ण उघडणारे चॅनल घ्या. साधारण वरची ट्रॉली चार-पाच इंच, चमचे-उलथनी-सांडशीसाठी, मधली सात-आठ इंच वाट्या-ताटल्यांना, खालची बारा इंचाच्या आसपास कुकर आणि कढयांना. पण हे आकडे तसेच्या तसे देऊ नका, आपला सगळ्यात उंच कुकर शिट्टीसकट मोजा, सगळ्यात मोठी परात मोजा. परात बहुतेक कुठल्याच ट्रॉलीत आडवी बसत नाही, तिच्यासाठी, पोळपाटासाठी आणि ताटांसाठी शेगडीशेजारी सहा-आठ इंच रुंद उभा कप्पा करून घ्या, सुटसुटीत पडतं. मिसळणाचा डबा, मीठ, तेल हे शेगडीपासून हाताच्या अंतरावर, पण शेगडीच्या बरोबर वर किंवा मागे कधीच नको, फोडणी उडत असताना ज्योतीवरून हात न्यायची वेळ यायला नको.

वरची कपाटं ओट्यापासून १८ ते २४ इंच वर आणि खोली १२-१३ इंच, म्हणजे डोकं आपटत नाही. बुटक्या माणसाने १८ धरावं. स्वतः हात वर करून बघा, टाचा न उचलता बोटं जिथे पोचतात तो रोजच्या वापराचा शेवटचा कप्पा. मिक्सर ही वस्तू मात्र ओट्यावरच राहू द्या, रोज चार-पाच किलोचं धूड कपाटातून काढायचं म्हटलं की चटणी बाजारातून येते.

मटेरियलबद्दल थोडक्यात: सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे ओल सहन करणारा मरीन प्लाय घ्या किंवा चांगल्या प्रतीचा पीव्हीसी बोर्ड, पार्टिकल बोर्ड तिथे पावसाळा काढत नाही.

गॅस, वीज, उजेड

सिलिंडर असेल तर तो उभाच आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या कपाटाच्या शटरला खालच्या बाजूला जाळी हवीच. पाइपवाला गॅस असेल तर उलट, तो हलका, वर जातो, त्याला वरच्या बाजूने वाट पाहिजे. मीटर आणि बंद करायचा कॉक ट्रॉलीच्या मागे गाडून टाकायला काही कारागीर तयारच असतात, तसं करू देऊ नका, हात चटकन पोचला पाहिजे. सिलिंडरची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवर छापलेली असते. आणखी एक, शेगडीची बाजू ३० इंचाला आणणार असाल तर सिलिंडर रेग्युलेटर लावून मोजून घ्या, ओट्याखाली दगडाची जाडी गेल्यावर तो बसतो का, रेग्युलेटर फिरवायला हात जातो का. बसत नसेल तर तो सिंकच्या उंच बाजूला किंवा ड्राय बाल्कनीत, आणि तिथून आतली पाइपलाइन गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच, प्लंबरकडून नाही.

विजेचे पॉइंट भिंत फोडायच्या आधी ठरवा. मिक्सरला साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं, मायक्रोवेव्ह, ओटीजी, इंडक्शन, केटल यांना १६ अँपिअरचं, आणि यातलं जे जे एकाच वेळी चालणार त्याला वेगळी लाइन. सॉकेट ओट्यापासून पाच-सहा इंच वर, सिंकच्या वर किंवा शेगडीच्या मागे नाही. घराला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारं स्विच, नसेल तर या निमित्ताने बसवून टाका, ओल्या हातांची जागा आहे.

उजेडाकडे लोक फारच दुर्लक्ष करतात. छताच्या मधोमध एक ट्यूब लावली की आपण ओट्याकडे तोंड करून उभे राहिलो की आपलीच सावली कोथिंबिरीवर पडते, मग मान पुढे घालून चिरायचं. वरच्या कपाटाखाली पुढच्या काठाजवळ एलईडी पट्टी लावा, खर्च फार नाही. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर, पाइप बाहेर काढलेली आणि कमीत कमी वळणांची. पण उंच माणसाचं डोकं तिला लागतंय का हे एकदा तिथे पुठ्ठा धरून बघा.

बसायची सोय

हे बहुतेक प्लॅनमध्ये नसतंच. पूर्वी विळीवर बसून चिरायचे, आता सगळं उभ्याने झालं आणि तासन्‌तास उभं राहण्याचं खापर गुडघ्यांवर. मटार सोलणं, मेथी निवडणं, लसूण सोलणं ही कामं उभ्याने करायची काहीच गरज नाही. जमिनीपासून २८-३० इंचावर भिंतीला मिटणारी फळी आणि एक स्टूल एवढं पुरतं, फक्त फळीखाली गुडघे जायला २७ इंच मोकळी उंची ठेवा. गुडघेदुखीवाल्यांसाठी तर हे आधी करा, रंगरंगोटी नंतर. आणि जिथे जास्त वेळ उभं राहायचं तिथे खाली चार-पाच इंचाचा एक ठोकळा, आलटून पालटून एक पाय त्यावर ठेवला की कमरेला खूप फरक पडतो. जमिनीला मॅट टाइल घ्या, पॉलिश केलेली नको, तेल आणि पाणी दोन्ही तिथेच सांडणार आहे.

कारागिराशी बोलताना

तोंडी काही ठरवू नका. कागदावर ओट्याच्या दोन्ही बाजूंची उंची लिहा आणि त्यापुढे "तयार फरशीपासून ग्रॅनाइटच्या वरपर्यंत" असं स्पष्ट लिहा, कारण बरेचदा माप जुन्या फरशीवरून घेतलं जातं, मग त्यावर नवीन टाइल बसते आणि सगळं दीड इंचाने बदलतं. सिंक, हॉब, चिमणी, फ्रीज यांची मापं किंवा वस्तूच आधी हातात ठेवा. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल तर ओटा बसायच्या आधीच लेखी सांगा, बरेचसे बिल्डर उंची बदलून देतात, बसल्यावर मात्र तोडफोडीचा खर्च तुमचा.

जमिनीवर आणि भिंतीवर खडूने सगळं खऱ्या मापात आखून घ्या, ट्रॉली उघडल्यावर कुठपर्यंत येते, फ्रीजचं दार कुठे येतं, आणि त्यात उभं राहून चहा करायची नक्कल करून बघा, शेजारी हसले तर हसू देत. उभे सपोर्ट बसले की सिमेंट ओलं असतानाच ज्याचं माप घेतलंय त्या माणसाला घरातल्या चपला घालून तिथे उभं करा, वर एक फळी टाका, त्यावर पोळपाट ठेवून लाटणं फिरवायला लावा. पाव-अर्धा इंच खाली-वर करायचं असेल तर ते त्याच दिवशी होतं, ग्रॅनाइट चढल्यावर कोणी हात लावत नाही.